ओबी डम्पला भेग पडली: किती मिलिमीटरला काम थांबवायचं?

तुमची परिस्थिती थोडक्यात अशी: वर्धा खोऱ्यातली खुली कोळसा खाण, काळ्या मातीवर टाकलेला ओबी डम्प (कोळशावरून काढलेल्या दगड-मातीचा ढीग), पहिल्या पावसानंतर माथ्यावर पडलेली भेग आणि आठवड्यातून एकदा होणारं टोटल स्टेशनचं (अंतर आणि कोन मोजणाऱ्या सर्व्हेच्या यंत्राचं) रीडिंग. किती मिलिमीटर सरकल्यावर माणसं हटवायची, हा तुमचा प्रश्न.

सगळ्या डम्पांना लागू होईल असा आकडा नाही. सैल माल महिनोन्‌महिने बसत राहतो आणि काही होत नाही, तर कठीण दगडाची बेंच (खाणीतली पायरी) जेमतेम हलून एकदम सुटते. म्हणून एकूण किती सरकलं यापेक्षा रोजचा वेग वाढतोय का, ते बघा. पाऊस थांबल्यावर वेग उतरला, तर थोडा अवधी आहे. पाऊस उघडूनही वेग चढतच राहिला, तर तो डम्प पडायला निघालाय असं धरून चाला.

यासाठी जपानच्या फुकुझोनो यांनी 1985 मध्ये मांडलेली रीत आजही जगभर वापरतात. रोजच्या वेगाचा व्यस्त (1 भागिले वेग) काढायचा आणि आलेखावर मांडायचा. समजा चार दिवसांचा वेग दिवसाला 2, 2.5, 3.3 आणि 5 मिमी आहे. त्याचे व्यस्त 0.5, 0.4, 0.3, 0.2. रेघ सरळ खाली येतेय, म्हणजे आणखी दोन दिवसांत ती शून्याला टेकेल. कोसळण्याची वेळ साधारण तीच. नुसत्या वेगाकडे पाहिलं तर 5 मिमी किरकोळ वाटतात, व्यस्ताची रेघ मात्र स्पष्ट बोलते. आता हेच रीडिंग आठवड्यातून एकदाच झालं असतं तर? दोन रीडिंगांच्या मध्येच सगळं आटोपलं असतं. भेग दिसल्यावर रीडिंग रोज, आणि वेग चढू लागला की प्रत्येक शिफ्टला, हे धरूनच चला.

रीडिंग घेतानाची काळजीही तितकीच महत्त्वाची. ज्या खांबावरून मोजता तो डम्पच्या किंवा खाणीच्या हलत्या काठावर नको. बॅकसाइट (मागचा स्थिर खूण-बिंदू) दरवेळी तपासा. सकाळी लवकर मोजा, दुपारी तापलेल्या हवेत प्रिझम (डम्पवर बसवलेली, यंत्राचा किरण परतवणारी काच) थरथरताना दिसतो. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक यंत्राचाच असू शकतो, त्यावर धावपळ नको. आणि फक्त अंतर नोंदवू नका, दिशाही नोंदवा. माथ्यावरचे प्रिझम खाली बसताहेत आणि पायथ्याचे बाहेर किंवा वर सरकताहेत, असं दिसलं तर डम्प खालच्या मातीसकट गोल फिरतोय.

तुमच्याकडे मला भीती आहे ती याचीच. काळी माती भिजली की तिची ताकद फार उतरते, आणि डम्पच्या उताराचा कोन जास्तीत जास्त 37.5 अंशांच्या नियमात बसत असला तरी पायाच निसटतो. म्हणून भेगेइतकाच वेळ पायथ्याशी घालवा, सुरक्षित अंतर राखून. सपाट जमिनीला फुगवटा आलाय का, गटाराची रेघ वाकली आहे का, कोरड्या जागी पाणी पाझरतंय का? पुढचा डम्प टाकण्याआधी काळी माती खरवडून मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत काढणं, हा यावरचा खरा इलाज. खर्च आहे, पण तो टाळायचा नाही.

उतारावर नजर ठेवणारं रडार हवंच का, असंही विचारलंत. चालू खाणीत माणसं उताराखाली काम करत असतील, तर हवं. ते काही मिनिटांत पूर्ण उतार पाहतं आणि मिलिमीटरहून कमी हालचाल पकडतं, पण फक्त स्वतःच्या नजरेच्या रेषेतली. आडवी हालचाल त्याला नीट दिसत नाही, म्हणून प्रिझम काढून टाकू नका. सेंटिनेल-1 या रडार उपग्रहाच्या चित्रांचा उपयोग जुन्या, शांत डम्पांसाठी आणि आसपासच्या जमिनीसाठी. हालचाल कळायला दोन वेळची चित्रं ताडून बघावी लागतात, आणि जिथे रोज नवा माल पडतो तिथे ती जुळतच नाहीत. आणि यातलं काहीच नसलं तरी भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी सळया ठोकून टेपने मोजणं आजपासून सुरू करता येतं.

अमेरिकेतल्या बिंगहॅम कॅन्यन तांब्याच्या खाणीत 10 एप्रिल 2013 च्या रात्री प्रचंड दरड कोसळली. हालचाल आधीच टिपली गेली होती, खाण रिकामी केली होती, एकाही माणसाला इजा झाली नाही. मात्र दरड अंदाजापेक्षा लांब गेली आणि खालची यंत्रं गाडली गेली. वेळ ओळखणं आणि पोहोच ओळखणं, ही दोन वेगळी कामं आहेत. हॉलरोड (डंपरचा रस्ता) आणि विश्रांतीची शेड हलवताना सढळ हाताने अंतर ठेवा. आपल्याकडे 29 डिसेंबर 2016 ला झारखंडमधल्या राजमहल खाणीत 23 माणसं गेली. ती आठवण असताना जपून वागण्यात कसलाही कमीपणा नाही.

आता तातडीचं. भेगेच्या पलीकडे, डम्पच्या कडेला, डंपर रिकामे करणं आजच बंद करा. भेग चिकण मातीने बुजवा, वरचं पाणी वळवा, पायथा कुठेही खोदू देऊ नका. मग मॅनेजरकडून लेखी ठरवून घ्या: कोणत्या वेगाला देखरेख वाढवायची, कोणत्या वेगाला माणसं बाहेर काढायची, आणि कोणत्या वेगाला रात्रीच्या शिफ्टला कुणालाही फोन न करता ओव्हरमनने (शिफ्टच्या देखरेख अधिकाऱ्याने) शॉवेल (खोदाईचं यंत्र) थांबवायचा. हा कागद प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला वाचून दाखवा.