कसाव्याची मुदत आणि अनुदानाची मुदत

चि. ...... हिस,
अनेक आशीर्वाद.

आफ्रिकी शास्त्रज्ञांच्या पीकसंशोधनाला अनुदान देणाऱ्या संस्थेत तू रुजू झालीस आणि प्रस्तावांची छाननी तुझ्याकडे आली, हे वाचून आनंद झाला. प्रस्तावात आधी काय पाहावे, असे तू विचारले आहेस. मी आधी मुदत पाहीन.

ज्या कंदापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो, तो कसावा नायजेरियात कोट्यवधी लोकांचे रोजचे अन्न आहे. हे पीक हाती यायला साधारण वर्ष लागते, लागवड खोडाच्या कांड्यांनी होते आणि एका झाडापासून जेमतेम दहाएक कांड्या मिळतात. त्यामुळे संकर केल्यापासून वाण प्रसारित होईपर्यंत आठ-दहा वर्षे सहज जातात. अनुदान मात्र बहुधा तीन ते पाच वर्षांचे असते. निवडीच्या चाचण्या ऐन भरात असताना पैसे संपतात, अनुभवी शेतमजूर दुसरे काम धरतात आणि मोझॅक या विषाणूजन्य रोगाला पुरून उरलेली झाडेही निगेअभावी हातची जातात. म्हणून मुदतवाढीची तरतूद करारातच लिहून घे, आणि ऊतिसंवर्धन (काचेच्या नळ्यांत रोपे वाढवण्याच्या) प्रयोगशाळेतील जनरेटरच्या डिझेलसारखा नीरस खर्च कापू नकोस.

पैसा कोणाच्या खात्यातून जातो, तेही पाहा. अमेरिकेने 2025 मध्ये परदेशी मदत आखडती घेतली, तेव्हा तिथल्या विद्यापीठांमार्फत चालणारे अनेक पीकप्रकल्प अर्ध्यावर थांबले. उलट घाना विद्यापीठात 2007 मध्ये प्रा. एरिक डान्क्वा यांनी उभारलेल्या पीकसुधारणा केंद्राला सुरुवातीचा निधी बाहेरचाच असला, तरी तिथले पीएच.डी.चे विद्यार्थी प्रत्यक्ष संशोधन आपापल्या देशात, आपल्याच पिकांवर करतात. (शेतीवर अर्थसंकल्पाच्या 10 टक्के खर्च करण्याचे वचन आफ्रिकी सरकारांनी 2003 मध्ये मोझांबिकची राजधानी मापुतो येथे दिले होते, ते पाळणारी थोडीच, त्यामुळे तुमच्यासारख्यांवरचा भार इतक्यात हलका होणार नाही.)

आणखी एक. हेक्टरी उत्पादनाचे आकडे प्रस्तावात भरपूर सापडतील. तू गारीचा, म्हणजे कसाव्यापासून करतात त्या भाजलेल्या रव्यासारख्या खाद्याचा, उल्लेख शोध. कंद सोलून किसतात, कीस पोत्यात भरून दाबाखाली आंबवतात, मग चाळून कढईत भाजतात, आणि हे काम मुख्यतः बायका करतात. कंद पाणीदार निघाला, तर तो कितीही मोठा असला तरी गारी कमी भरते आणि शेतकरी ते वाण पुन्हा लावत नाहीत. या बायकांना निवडीच्या पहिल्या टप्प्यापासून बोलावण्याचा आणि त्या दिवसाची मजुरी देण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे का, ते तपास. नसेल, तर तेवढ्यावरून प्रस्ताव नाकारू नकोस. ती रक्कम वाढवून मागायला सांग.

कळावे,
तुझे सर