‘ही शेवटची मॅच’ : गेमिंगवर तुमची पत्रं, माझी उत्तरं

गेल्या अंकात सहज लिहून गेले की गेमिंगबद्दल काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा, आणि तुम्ही लोकांनी पत्रांचा असा काही पाऊस पाडलात की विचारू नका. निम्मी पत्रं आईबाबांची, निम्मी खेळणाऱ्यांची. गंमत म्हणजे दोघंही एकाच रात्रीबद्दल तक्रार करतायत, फक्त दाराच्या दोन बाजूंनी. सगळी घेता येणार नाहीत, पाच घेतलीयत. नावं टाकलेली नाहीत.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा आहे. रात्री दीड-दोनपर्यंत कानात हेडफोन घालून स्क्वॉडमध्ये खेळत बसतो. परवा मी वैतागून सरळ राउटर बंद केला तर त्याने जो काही आकांत केला, ‘तुझ्यामुळे माझी तीन माणसं मेली’ म्हणून ओरडला, मी घाबरलेच. हे व्यसनच ना? मोबाईल काढून घेऊ का? – एक आई

उत्तर : ताई, आधी ते ‘तीन माणसं मेली’चं बघू, कारण खरी गोम तिथेच आहे. स्क्वॉड म्हणजे चार जण, एक मॅच वीस-पंचवीस मिनिटं, कधी अर्धा तास, आणि मधे पॉज नावाचा प्रकारच नाही. तुमचा मुलगा अचानक गायब झाला की उरलेले तिघं अख्ख्या टीमांसमोर तिघंच राहतात, हरतात, सगळ्यांच्या रँकचे पॉइंट जातात, आणि बऱ्याच गेम्समध्ये मधेच पळालेल्याला पेनल्टी बसते, काही वेळ नवीन मॅचच लावता येत नाही. तुमच्या दृष्टीने तुम्ही एक खेळणं बंद केलंत, त्याच्या दृष्टीने तुम्ही चालू सामन्यातून त्याला कॉलर धरून बाहेर काढलंत. मी त्याची बाजू घेत नाहीये हां, रात्रीचे दोन म्हणजे दोनच. पण त्याचा राग कशाचा होता ते कळलं तर पुढचं भांडण तरी योग्य विषयावर होईल.

मलाही हे कळत नव्हतं. मग एका रात्री भाच्याच्या शेजारी जाऊन बसले, म्हटलं मी काही बोलणार नाही, एक मॅच बघते फक्त. दहा मिनिटं काही झालंच नाही, नुसते पळतायत, घरं शोधतायत, कुणाला कुठली गोळी हवी ते विचारतायत. मग कुठूनतरी गोळी आली, भाचा नॉक झाला, म्हणजे मेला नाही पण रांगत राहिला. तो माइकवर म्हणाला, ‘येऊ नको, झोन येतोय, जा तू.’ (झोन म्हणजे सरकत येणारा धोक्याचा पट्टा, त्यात अडकलं की मरण.) आणि पलीकडून एक आवाज, फुटलेला, वयात येणाऱ्या पोरांचा असतो ना तसा, ‘गप ए, स्मोक टाकतोय, आलो.’ आला तो. धुरातून आला, भाच्याला उठवला आणि दोघंही झोनमध्ये मेले. नंतर पाच मिनिटं दोघं नुसते हसत होते. त्या पोराचं खरं नाव काय म्हणून मी विचारलं तर भाच्याला माहीत नव्हतं. दीड वर्षाची मैत्री!

आता व्यसनाबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९मध्ये आयसीडी-११ ही आजारांची नवी यादी मंजूर केली, ती १ जानेवारी २०२२पासून लागू झाली, त्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. पण त्यात किती तास खेळलं की आजार असा आकडा कुठेच नाही. तीन गोष्टी बघतात : खेळणं हाताबाहेर गेलंय का, बाकी सगळ्या आवडीनिवडी आणि कामांच्या वर जाऊन बसलंय का, आणि नुकसान दिसत असूनही चालूच आहे, वाढतंय, असं आहे का. शिवाय त्यामुळे अभ्यास, घर, नाती यांची खरोखर वाट लागलेली हवी आणि हे साधारण १२ महिने चाललेलं हवं, फारच गंभीर असेल तर डॉक्टर एवढं थांबत नाहीत. संघटना स्वतःच सांगते की खेळणाऱ्यांपैकी फार थोड्या लोकांना हे लागू होतं. तेव्हा मुलगा सकाळी उठतोय का, इतर मित्र आहेत का, आधी जे आवडायचं ते अजून आवडतंय का, हे बघा. तिन्हीची उत्तरं ‘नाही’ असतील आणि महिनोनमहिने तसंच असेल तर मोबाईल काढण्यापेक्षा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आणि तुम्ही दोघं जा, त्याला एकट्याला धाडू नका.

राउटरचं म्हणाल तर तो प्रयोग एका अख्ख्या देशाने करून झालाय. दक्षिण कोरियात २०११पासून कायदाच होता, १६ वर्षांखालच्या मुलांना रात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद. पोरांनी काय करावं, आईबाबांच्या ओळख क्रमांकावर अकाउंट काढली. आणि मोबाईल गेम्सना तो कायदा बहुतेक लागूच नव्हता, पोरं तोवर मोबाईलवर सरकलेली. शेवटी २०२१मध्ये सरकारने तो कायदा गुंडाळायचं ठरवलं.

त्यापेक्षा हे करून बघा. ‘अकराला बंद’ असं नको, ‘साडेदहानंतर नवीन मॅच लावायची नाही’ असं ठरवा. चालू असलेली संपवू दे. ऐकायला फालतू फरक वाटेल, पण पहिल्या नियमात तो मित्रांना दगा देतो आणि दुसऱ्यात नाही देत, आणि तो स्क्वॉडला आधीच सांगू शकतो की भावांनो माझी ही शेवटची. नियम त्याच्याशी बसून ठरवा, भांडणाच्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी. आणि फोन रात्री चार्जिंगला त्याच्या खोलीबाहेर. तुमचा पण, बरं का.

प्रश्न : मी २७ वर्षांची, नोकरी करते. चार वर्षं एका गिल्डमध्ये, म्हणजे ऑनलाइन गेममधल्या कायमच्या गटात आहे, मी हीलर, लढाईत बाकीच्यांना बरं करणारी. आठवड्यातून तीन रात्री रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून लढायची मोठी लढाई असते, मी नाही गेले तर रेडच होत नाही. झोप पूर्ण होत नाही, ऑफिसात डुलक्या घेते, ऑफिसच्या मैत्रिणींनी मला बोलावणंच सोडलंय. खरं सांगायचं तर गेमचा कंटाळा आलाय पण माणसं सोडवत नाहीत. घरचे म्हणतात ती काय खरी माणसं आहेत का. – हीलर

उत्तर : तुझं पत्र मी तीनदा वाचलं कारण मी स्वतः दोन वर्षं या चक्रात होते, फरक एवढाच की मी टँक होते, म्हणजे पुढे उभी राहून मार झेलणारी, आणि फार वाईट टँक होते.

घरच्यांचं आधी निस्तरू. नॉर्वेत मॅट्स स्टीन नावाचा मुलगा होता. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू जाणारा आजार. व्हीलचेअर, पुढे पुढे बोटांची थोडी हालचाल तेवढी उरलेली. तो तासन्‌तास वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम खेळायचा, आईबाबांना वाटायचं बिचाऱ्याचं आयुष्य एकटं गेलं, मैत्री नाही, प्रेम नाही. २०१४मध्ये तो वयाच्या २५व्या वर्षी गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर तो गेल्याचं लिहिलं आणि मग जे मेल यायला लागले ते थांबेचनात, वेगवेगळ्या देशांतून. त्याच्या गिल्डमधली माणसं. कुणाला त्याने वाईट दिवसांत रात्र रात्र ऐकून घेतलेलं, कुणाचं मुलाशी तुटलेलं बोलणं जोडून दिलेलं. अंत्यविधीला काही जण परदेशातून आले, जे त्याला आयुष्यात कधी समोरासमोर भेटले नव्हते. तेव्हा ‘ती खरी माणसं नाहीत’ हे वाक्य यापुढे घरात कुणी बोललं तर हा किस्सा सांग.

पण हा किस्सा तू स्वतःला पण अर्धाच सांगू नकोस. मॅट्सची माणसं त्याच्याकडे यायची ती तो ऐकून घ्यायचा म्हणून. तुझ्याकडे येतात ती तुझ्यासाठी की हीलसाठी, हे तुला आज माहीत नाही, आणि तुझी खरी भीती हीच आहे असं मला वाटतं. चुकत असेन तर सांग.

बघ, रेडची रचनाच तशी असते. त्याच वॉरक्राफ्टची सगळ्यात अवघड रेड २० जणांच्या हिशोबाने बांधलेली, १९ जणांना ती फार जड जाते. हीलर मोजकेच. एक कमी पडला की १९ लोकांची संध्याकाळ फुकट. कुणी मुद्दाम तुझ्यावर दबाव आणत नाही, गणितच तुझ्यावर बसलेलं आहे, आणि आपल्याला वाटतं की ही आपुलकी आहे. काही असतेही. पण आपुलकी आणि हजेरी एकत्र कालवली गेली की वेगळी काढणं महाकठीण.

तर वेगळी काढ. गिल्ड लीडरला आजच मेसेज टाक की अमुक तारखेपासून मी आठवड्यात एकच रात्र येणार, तोपर्यंत दुसरा हीलर तयार करूया, मी शिकवते. तारीख दे, ‘बघूया’ म्हणू नकोस, ‘बघूया’वर मी सात महिने काढलेत. उरलेल्या दोन रात्रींपैकी एकीला अर्धा तास व्हॉइस चॅनलवर जा, गेम न उघडता. नुसत्या गप्पा. पहिल्यांदा फार विचित्र वाटतं, हात काय करायचे कळत नाही. त्या अर्ध्या तासात जे तुझ्याशी बोलायला थांबतील त्यांचे नंबर घे, खरी नावं विचार. वीसातले तीन निघाले तरी खूप झालं, माझे दोन निघाले. त्यातल्या एकीशी मी कालच बोलले, तिला अजून वाटतं की मी तिला एकदा मुद्दाम मरू दिलं होतं. (नव्हतं दिलं. लॅग होता, नेट अडकलं होतं.)

बाकीचे दोन आठवड्यांत विसरतील. लागेल ते मनाला, लागू दे. आणि दुसऱ्या मोकळ्या रात्री आधी झोप काढ, मग त्या ऑफिसच्या मैत्रिणींना तूच बोलाव.

प्रश्न : वय १९. एका मुलीशी आठ महिने डुओ, म्हणजे दोघांची टीम करून खेळतोय, रोज बोलतो, अजून व्हिडिओ कॉल नाही, तिचा कॅमेरा खराब आहे. आता ती म्हणते तिला रँक वाढवायला माझ्या अकाउंटचा पासवर्ड दे, आणि थोडा टॉप-अप मार, म्हणजे गेममध्ये पैसे भर. देऊ का? – कन्फ्यूज्ड

उत्तर : नको. आठ महिने कॅमेरा खराब नसतो रे. पासवर्ड नाही, ओटीपी नाही, टॉप-अप नाही, आणि ‘नाही’ म्हटल्यावर ती काय बोलते ते शांतपणे वाच, त्यातच कळेल. हसून सोडून दिलं तर खेळा पुढे. रडणं, रुसणं, ‘तुझा माझ्यावर विश्वासच नाही’ सुरू झालं तर ब्लॉक कर आणि अकाउंटला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लाव. स्वतःचे फोटो पाठवले असशील आणि त्यावरून धमकी आली तर पैसे अजिबात देऊ नकोस, चॅटचे स्क्रीनशॉट ठेव, घरातल्या एका मोठ्या माणसाला सांग आणि सायबर पोलिसांकडे जा. लाज वाटेल. लाज वाटली तरी जा.

प्रश्न : स्किन्ससाठी, म्हणजे गेममधल्या कपड्या-बंदुकांच्या नव्या रूपांसाठी, लकी बॉक्स उघडतो, पैसे भरायचे आणि आत काय निघेल ते नशीब. गेल्या तीन महिन्यांत पगाराचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यात गेला. दर वेळी वाटतं आता पुढच्याला निघेल. गेम तर मी फार खेळतही नाही. – २४, नोकरदार

उत्तर : तू शेवटचं वाक्य सहज लिहिलंयस पण निदान तिथेच आहे. तुला गेमचा नाद नाही, बॉक्सचा आहे, आणि तो वेगळा प्रकार, जुगाराच्या घरातला. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत : कळ दाबल्यावर दर ठरावीक वेळेला दाणा मिळाला तर पक्षी दाणा मिळाल्यावर जरा दम खातो, पण कधी मिळेल याचा नेमच नसेल तर तो टोचत सुटतो, आणि दाणे बंद केले तरी लवकर थांबत नाही. आता तुझा बॉक्स आठव. आधी थरथरतो, मग फटीतून उजेड येतो, निळा, मग जांभळा, क्षणभर सोनेरी वाटतो आणि परत जांभळा. तो सोनेरी क्षण कुणीतरी पगार घेऊन बनवलाय. बेल्जियमच्या गेमिंग कमिशनने २०१८मध्ये पैसे देऊन उघडायचे असे काही गेम्समधले बॉक्स कायद्याने जुगारच आहेत असं ठरवलं, तिथे ते काढावे लागले.

फोनमधून कार्ड आणि पेमेंटची माहिती काढ, दर वेळी सगळे आकडे हाताने टाकायला लागले की निम्मा कंडू जिरतो. गेममधली ती डायमंड-कॉइनची भाषा सोड, हे सगळे पैसे आहेत, दर खरेदी कागदावर पैशांत लिही आणि कागद कुणाला तरी दाखव. एक महिना करून बघ आणि जमलं नाही, किंवा उधारी सुरू झाली, तर जुगाराच्या व्यसनावर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे जा. गेमिंगवाला शोधत बसू नकोस.

प्रश्न : माझं वय ५८. मी फोनवर तीन सारख्या गोळ्या जुळवायचा गेम खेळते, माझी एक टीम पण आहे, त्यात सगळे मला ‘ग्रँडमा’ म्हणतात, कोण कुठले देवजाणे. सून म्हणते आई, तुम्ही ॲडिक्ट झालात. झाले का? – लेव्हल १८४०

उत्तर : १८४०! काकू, मी तर ३०० ला अडकून सोडून दिला.

लाइफ संपल्या की तुम्ही काय करता तेवढं सांगा. फोन बाजूला ठेवून कामाला लागता, की लाइफ भरेपर्यंत घड्याळाकडे बघत बसता, की विकत घेता? पहिलं असेल तर सुनेला म्हणावं गप बस. दुसरं असेल तर मला परत लिहा. तिसरं असेल तर वरचं चोवीसवाल्याचं उत्तर वाचा, तुम्हालाही तेच आहे.

आणि टीममधल्या त्या लोकांना एकदा ‘तुम्ही कुठले’ एवढं विचारूनच टाका, खरा पत्ता नको, नुसता देश. काय उत्तरं आली ते पुढच्या अंकासाठी कळवा, मला खरंच उत्सुकता आहे.