काट मारलेल्या नोंदी आधी वाचा

जेम्स जॉइसच्या ‘फिनेगन्स वेक’ या कादंबरीच्या पहिल्याच पानावर अडकला असाल, तर पुस्तक जरा बाजूला ठेवा आणि जॉइसच्या नोंदवह्यांकडे वळा. बऱ्याचशा वह्या अमेरिकेतल्या बफेलोच्या विद्यापीठात जपून ठेवल्या आहेत. एक गोष्ट मात्र आधीच पक्की लक्षात घ्या: रंगीत खडूने काट मारलेली नोंद म्हणजे टाकून दिलेली नोंद नव्हे. नोंद मसुद्यात वापरली की जॉइस तिच्यावर रेघ ओढायचा. मी सुरुवातीला नेमक्या याच नोंदी वगळत गेलो आणि कित्येक महिने हातचे घालवले.

सगळी कादंबरी एकदम अंगावर घेऊ नका. एकच परिच्छेद निवडा आणि त्याचे मसुदे क्रमाने लावा. १९२३ मधलं वाक्य पुष्कळदा बरंच सरळ असतं. मग समासात, ओळींच्या मधल्या जागेत भर पडत जाते, आणि १९३९ च्या छापील पानावर ते ओळखूही येत नाही. जॉइस कापण्यापेक्षा वाढवतच जास्त जातो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की गुंतागुंतीच्या वाक्यातला मूळ कणा सापडायला लागतो.

मसुदे मुख्यतः लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण प्रवासाची घाई नको. जॉइसच्या हस्तलिखितांची ६३ खंडांची छायाप्रत आवृत्ती आहे, ती आधी शोधा. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने शब्द भरू नका, जागा कोरी सोडा.