वाचकांचे प्रश्न : परदेशातून येणारा फोन

प्रश्न : माझे धाकटे दीर दुबईला नोकरी करतात आणि यंदा चवथीला घरी येणार आहेत. आमची मुलगी कॉलेजात जाऊ लागली असून तिच्यासाठी पाहिलेला फोन इथल्या दुकानात ८०,००० रुपयांना आहे. तोच फोन तिथे सुमारे ६८,००० रुपयांना पडतो आणि तो ‘अनलॉक्ड’ असल्यामुळे इथे चालायला काहीच अडचण नाही, असे दीर सांगतात. बारा हजार वाचत असतील तर तिथूनच आणवावा काय?
— एक वाचक, साखळी (गोवा)

उत्तर : ‘अनलॉक्ड’ म्हणजे फोन कोणत्याही एका कंपनीच्या सिमला बांधलेला नाही. या शब्दाचा अर्थ तेवढाच आहे. आपल्या साखळीत त्याला रेंज नीट मिळेल, त्यात सिम घालायला जागा असेल किंवा बिघडल्यावर तो इथे कुणी हाती घेईल, यांपैकी कशाचीही हमी तो शब्द देत नाही. त्यामुळे दिरांचे म्हणणे खरे असले तरी ते अपुरे आहे.

आधी पैशांचा हिशेब पाहू. दुबईत विक्रीवर ५ टक्के व्हॅट आहे, तर आपल्याकडे मोबाइलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे. बाहेरून तयार येणाऱ्या फोनवर त्याशिवाय सीमाशुल्कही बसते, जे जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात २० वरून १५ टक्क्यांवर आले. किमतीतील फरकाचे मूळ मुख्यतः इथे आहे. मात्र आता पुष्कळ फोन भारतातच जुळवले जातात आणि त्यांना हे सीमाशुल्क लागत नाही, म्हणून पूर्वी ऐकलेल्या मोठ्या तफावती आज प्रत्येक मॉडेलला लागू पडतील असे धरून चालू नये. दुबईच्या विमानतळावर पर्यटकांना व्हॅटचा बराचसा भाग परत मिळतो खरा, परंतु ती सोय पर्यटकांसाठी आहे. तिथे राहून नोकरी करणाऱ्या आपल्या दिरांना ती मिळणार नाही.

त्यानंतर येतो दाबोळी किंवा मोपा विमानतळावरील कस्टम. परदेशातून परतणाऱ्या प्रवाशाला ठरावीक किमतीपर्यंतचे सामान शुल्काविना आणता येते. २०१६ च्या नियमांत ही मर्यादा ५०,००० रुपये होती आणि तिच्यावरच्या रकमेला अधिभार धरून ३८.५ टक्के शुल्क पडत असे. त्या आकड्यांनी हिशेब केला, तर ६८,००० च्या फोनवर वरच्या १८,००० चे शुल्क ६,९३० रुपये होते. दिरांनी आपल्या इथल्या बँकेच्या कार्डाने पैसे भरले आणि बँकेने परकीय चलनाबद्दल सुमारे तीन टक्के घेतले, तर आणखी दोन हजार गेले, म्हणजे बारा हजारांतले हाती राहतात तीन हजार. मर्यादा आणि दर वेळोवेळी बदलतात, त्यामुळे दिरांनी तिकीट काढताना त्या वेळचे आकडे सीमाशुल्क खात्याकडून पाहून घ्यावेत आणि याच रीतीने हिशेब मांडावा. मर्यादा वाढलेली असेल तर तो आपल्या बाजूने झुकेल. ही मर्यादा त्यांच्या एकूण सामानाची आहे, एकट्या फोनची नव्हे, आणि सोबत येणाऱ्या दुसऱ्या प्रवाशाची मर्यादा तिच्यात मिळवता येत नाही. घरच्यांसाठी घेतलेली अत्तरे आणि भाचरांची खेळणीही तिच्यातच मोजली जातात. खोके फेकून फोन खिशात घालून यावे, असा सल्ला पुष्कळ जण देतात. आपल्या दिरांना दरवर्षी याच वाटेने ये-जा करायची आहे, त्यांना त्या भरीस घालू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता रेंजविषयी. जिओचे जाळे ४जी आणि ५जी यांवरच उभे आहे. त्यांच्याकडे जुने २जी वा ३जी नसल्यामुळे साधे बोलणेसुद्धा व्होल्टे, म्हणजे ४जीवरूनच आवाज पाठवण्याच्या पद्धतीने होते. परदेशी बाजारासाठी बनवलेल्या फोनात आपल्या कंपनीसाठी व्होल्टेची सोय चालू नसेल, तर इंटरनेट उत्तम चालते, व्हॉट्सअ‍ॅप चालते आणि साधा फोन मात्र लागत नाही. घरातल्यांच्या लक्षात हे चार दिवसांनी येते. रेंज मिळायला फोनला इथल्या रेडिओलहरींचे पट्टे पकडता यावे लागतात. जिओचे ४जी मुख्यतः ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्‌झवर चालते, तर आपल्याकडच्या ५जीचा मोठा भार ३३०० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर आहे, ज्याला फोनच्या माहितीपत्रकात ‘एन ७८’ म्हणतात. त्यासाठी दिरांकडून खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक मागवून घ्यावा, कारण नाव एकच असलेल्या फोनचे देशागणिक वेगळे क्रमांक असतात. मग कंपनीच्या माहितीत त्या क्रमांकापुढे हे पट्टे आहेत की नाहीत, हे पाहावे. काही अँड्रॉइड फोन असेही असतात, की त्यांत पहिल्यांदा त्याच प्रदेशातले सिम घालून काही मिनिटे बोलल्याशिवाय बाहेरचे सिम चालत नाही. म्हणून दिरांनी आपले तिथले सिम घालून, बोलून, मगच फोन बॅगेत ठेवावा.

सिमच्या जागेचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन २०२२ च्या १४ व्या मालिकेपासून केवळ ई-सिमचे, म्हणजे फोनातच बसवलेल्या, कार्डाविना चालणाऱ्या सिमचे आहेत, आणि २०२५ च्या १७ व्या मालिकेपासून दुबईसह आखातातल्या सहाही देशांत तसेच फोन विकले जातात. या फोनांत सिमकार्ड घालायला खाचच नसते. दोन वर्षांपूर्वी एक आई माझ्याकडे मुलाने पाठवलेला असाच फोन घेऊन आली होती. शेजारच्या कुणीतरी सिमची खाच शोधता शोधता खालच्या बारीक छिद्रात सेफ्टी पिन घातली होती. ते छिद्र माइकचे होते. समोरच्याचा आवाज त्या माऊलीला स्वच्छ ऐकू येत होता, तिचा मात्र कुणालाच ऐकू जात नव्हता, आणि मुलगा रागावला म्हणून आपल्याशी बोलत नाही, असे ती सहा दिवस समजून होती. जिओ, एअरटेल आणि व्हीआय ई-सिम देतात. कार्ड बीएसएनएलचे असेल तर आपल्या जवळच्या कार्यालयात आधी चौकशी करावी. परीक्षेच्या दिवसांत फोन बंद पडला, तर ई-सिम काढून घरातल्या जुन्या फोनात घालता येत नाही, ते कंपनीकडून नव्याने करून घ्यावे लागते, याचाही विचार मुलीने करावा.

वॉरंटीचे थोडक्यात सांगतो. पुष्कळ अँड्रॉइड कंपन्यांची वॉरंटी जिथे खरेदी झाली त्या देशापुरतीच असते. अ‍ॅपलची सेवा बहुधा इथे मिळते, तरी विक्रीच्या देशापुरती ती मर्यादित ठेवण्याचा हक्क कंपनीने अटींत राखून ठेवला आहे. इथल्या दुकानदाराविरुद्ध आपण जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकता, दुबईच्या दुकानदाराविरुद्ध तो मार्ग प्रत्यक्षात उरत नाही.

आपल्या बाबतीत माझे मत असे, की त्या वेळच्या नियमांनी शुल्क लागत नसेल, मॉडेल क्रमांक जुळत असेल आणि ई-सिमची तयारी असेल, तर अवश्य आणवावा. शुल्क भरून तीन-चार हजारच वाचणार असतील, तर साखळी किंवा म्हापशाच्या दुकानातून बिलासह घ्यावा.

प्रश्न : माझे यजमान मालवाहू जहाजावर आहेत. अमेरिकेच्या बंदरात त्यांना निम्म्या किमतीत नवा फोन मिळतो आहे. त्यांचे जहाज मध्येच मुरगाव बंदराला लागणार आहे, तेव्हा तो घरी पोचवता येईल का?
— एक वाचक, वास्को

उत्तर : गोव्यात तारवटींची, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांची घरे पुष्कळ असूनही हा नियम फारसा माहीत नसतो. प्रवाशांची शुल्कमाफीची मर्यादा बोटीवरच्या नोकरदाराला करार संपून अखेरचा हिशेब घेऊन उतरतानाच लागू होते. मधल्या वेळी बंदरात उतरताना २०१६ च्या नियमांत केवळ १,५०० रुपयांपर्यंतच्या चॉकलेट, चीज अशा किरकोळ भेटवस्तूंची मोकळीक होती. त्यामुळे फोन करार संपवून येतानाच आणावा.

निम्मी किंमत ऐकून मला वेगळीच काळजी वाटते. अमेरिकेत मोबाइल कंपन्या फोन हप्त्यावर आणि लॉक करून स्वस्तात देतात, आणि हप्ते फिटल्याशिवाय ते लॉक उघडत नाही. आयफोन असेल तर पैसे देण्यापूर्वी यजमानांनी सेटिंग्जमधील ‘जनरल’ आणि त्यातील ‘अबाउट’ उघडून ‘कॅरिअर लॉक’ या ओळीसमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे लिहिले आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. दुकानदाराने पाहू दिले नाही, तर तो फोन घेऊ नये. लॉक इथे उघडून देतो म्हणणाऱ्यांच्या हाती पैसे आणि फोन दोन्ही गमावलेली माणसे मी पाहिली आहेत.

प्रश्न : ओळखीचा एक जण ‘बाहेरून आलेला’ फोन बिलाशिवाय स्वस्तात देतो आहे. तो घ्यावा का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : बिलाशिवाय घेऊ नये. बिल मिळाले तरी घेण्याआधी निदान एवढे करावे : फोनवर *#०६# दाबून येणारा १५ अंकी आयएमईआय, म्हणजे त्या फोनच्या ओळखीचा क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि रोमन लिपीत केवायएम ही तीन अक्षरे, मोकळी जागा व तो क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवावा. क्रमांक काळ्या यादीत किंवा आधीच दुसरीकडे वापरात असल्याचे उत्तर आले, तर फोन त्याच पावली परत करावा.