वाढत्या वयात वजनं आठवड्यातून किती दिवस?

प्रश्न : मुलगा 13 वर्षांचा आहे, वर्षभरात झपाट्याने उंच झाला. रोज दीड तास व्यायामशाळेत वजनं उचलतो. रोज केलं की हाडं लवकर पक्की होतात, असं त्याला कुणी सांगितलंय. खरं आहे का? – एक पालक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : नाही. वजनं आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. सोमवार, बुधवार, शुक्रवार उत्तम.

हाडातल्या पेशींना ताण जाणवला की तिथे नवं हाड भरायला लागतं. पण एकाच प्रकारचा ताण लागोपाठ मिळत राहिला तर काही डझन वेळांनंतर त्या दाद देईनाशा होतात. 1984 साली पक्ष्यांच्या पंखाच्या हाडावर झालेल्या प्रयोगात दिवसाला 36 वेळा दिलेल्या ताणाने जेवढं हाड वाढलं, 1800 वेळांनीही तेवढंच वाढलं. पुढे उंदरांमध्ये दिसलं की पेशी पुन्हा पूर्ण संवेदनशील व्हायला काही तास जावे लागतात. म्हणजे दीड तासातला बराचसा वेळ हाडाच्या हिशेबी जमा होतच नाही. थकवा मात्र साठतो, स्नायू आणि स्नायुबंधांना सावरायला वेळ उरत नाही, आणि थकल्यावर पाठ-गुडघ्यांची ठेवण बिघडते.

या वयाची आणखी एक गोष्ट पालकांनी जरूर लक्षात घ्यावी. उंची आधी वाढते, हाडात खनिज भरणं काही महिने मागे असतं. हात मोडण्याचं प्रमाण याच काळात वाढतं. पण झपाट्याने उंची वाढण्याच्या आसपासच्या दोनच वर्षांत, मोठेपणी असणाऱ्या हाडातल्या खनिजाचा साधारण चौथा हिस्सा जमा होतो. त्यामुळे व्यायाम बंद करू नका, नीट आखून द्या.

40 मिनिटं पुरेत. पाच मिनिटं अंग गरम करणं, मग डंबेल छातीशी धरून बैठका, हलक्या बारने (लोखंडी दांड्याने) डेडलिफ्ट, म्हणजे तो जमिनीवरून उचलून सरळ उभं राहणं, दंड, वाकून बार पोटाकडे ओढणं आणि डोक्यावर वजन ढकलणं. पहिले सहा आठवडे प्रत्येकाचे 10 ते 12 वेळांचे दोन सेट (फेऱ्या), नंतर 6 ते 8 वेळांचे तीन. दोन सेटमध्ये दीड-दोन मिनिटं थांबायचं. सलग दोन वेळा सगळे सेट स्वच्छ निघाले तरच एक-दोन किलो वाढवायचे. ‘एकदा जास्तीत जास्त किती उचलतो बघू’ ही पैज नको.

डेडलिफ्टला हमखास चूक होते : बार जमिनीवरून घेताना कंबर गोल होते. पाय लांब झालेले असतात, मांडीमागचे स्नायू अजून ताठ असतात, म्हणून मूल पाठ वाकवून खाली पोचतं. बारची दोन्ही टोकं विटांवर ठेवून तो नडगीच्या मध्यापर्यंत आणा, कंबर लगेच सरळ राहील.

उड्या मात्र जवळपास रोज चालतील, कारण त्या थोड्या आणि मध्ये काही तास सोडून असतात : सकाळ, दुपार, संध्याकाळ दहा-दहा, दोन्ही पायांवर उतरत, गुडघे आत न झुकवता. गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दुखू लागलं तर उड्या थांबवा. एकाच जागी हाड दाबून दुखत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : वजनांनी उंची खुंटते का? – एक आई, धरमपेठ

उत्तर : नीट शिकवलेल्या, देखरेखीखालच्या व्यायामाने खुंटत नाही. हाडाच्या टोकाजवळच्या वाढीच्या थराला इजा होते ती मुख्यतः वजन अंगावर पडून किंवा न पेलणारं उचलून. प्रशिक्षकाचं लक्ष नसेल तिथे पाठवू नका.

प्रश्न : मुलगी 14 वर्षांची, रोज पोहते. हाडांसाठी तेवढं पुरे का? – एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : पोहणं हृदयाला उत्तम, पण पाणी शरीराचं वजन पेलतं, त्यामुळे हाडांवर भार कमी पडतो. त्याच्या जोडीला वरचा बेत आठवड्यातून दोन दिवस द्या. या वयात रोज 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ज्वारीच्या भाकरीतून ते फारसं मिळत नाही. पाव लिटर दुधात सुमारे 300 मिलिग्रॅम, 50 ग्रॅम नाचणीत सुमारे 175. पोहण्याच्या मानाने जेवण कमी पडत असेल आणि पाळी तीन महिने आली नसेल, तर वजनं वाढवण्याआधी डॉक्टरांकडे जा. पोटाला कमी पडलं की हाडं भरणं मंदावतं, मग व्यायाम कितीही नेमका असो.