गेज झिजलं होतं, माल निघून गेला. पार्टीला कळवायचं का?

प्रश्न असा: बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशिन शॉपमधून बिडाचे ४०० बुश (शाफ्ट बसतो त्या नळ्या) पुण्याच्या पार्टीला गेले, बोअर म्हणजे आतलं भोक २५ एच७. नंतर लक्षात आलं की भोक तपासायच्या प्लग गेजचं गो टोक, म्हणजे भोकात जायलाच हवं ते टोक, झिजलेलं आहे. पार्टीची अजून तक्रार नाही. आपणहून सांगावं का?

सांगा, आणि आजच सांगा. २५ एच७ म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर. गो टोक प्रत्येक चांगल्या भोकात जातं, दुसरं नो-गो टोक भोक मोठं झालं असेल तरच. म्हणून आधी झिजतं ते गो, त्यात बिडाची भुकटी पॉलिश पेपरसारखी घासते. गो बारीक झालं की लहान बोअरही पास होतं आणि शाफ्ट अडकतो तो थेट त्यांच्या असेंब्लीत. तिथल्या पेटीवर तुमचाच चलन नंबर असतो. म्हणजे हे झाकून राहणारच नाही.

आधी क्वालिटीवाल्याला फोन, मग लगेच मेल. त्यात पार्ट नंबर, ड्रॉइंगची रिव्हिजन, चलन नंबर, नग, आणि गेज शेवटचं बरोबर असल्याचा पुरावा कोणत्या तारखेचा आहे ते लिहा. त्या तारखेनंतरचा सगळाच माल संशयित धरा: शॉपमधला, ट्रान्सपोर्टच्या गोदामातला, त्यांच्या स्टोअरमधला. किती नग खराब हे मोजल्याशिवाय आकडा देऊ नका. मोजून कधी कळवणार ती वेळ द्या आणि पाळा. इथं एक बरं आहे, लहान बोअर होनिंग करून, म्हणजे आतून बारीक घासून, वाढवता येतं. पण रिवर्कला त्यांची लेखी परवानगी घ्या, आणि तपासलेल्या नगावर रंगाचा ठिपका द्या, नाहीतर दोन्ही माल परत मिसळतो.

४०० नगांचा रिवर्क महिन्याभरात विसरला जाईल. लपवलेलं मात्र विसरत नाहीत. आज पुण्यात असलेला परचेसचा माणूस उद्या शिरोलीत किंवा हुबळीत दुसऱ्या कंपनीत बसतो आणि सप्लायरची पारख सोबत नेतो. नव्या पार्टीला तर तुम्हाला भेटायचीही गरज नाही. तुमच्या जीएसटी नंबरवर रिटर्न वेळेवर भरता का, हे पोर्टलवर कुणालाही दिसतं. विक्रीचं मासिक रिटर्न जीएसटीआर-१ ११ तारखेपर्यंत गेलं नाही, तर १४ तारखेच्या त्यांच्या जीएसटीआर-२बी या खरेदीच्या तक्त्यात तुमचं बिल येत नाही, त्यांचं टॅक्स क्रेडिट अडकतं, आणि अकाउंट्सवाले तुमचं नाव लक्षात ठेवतात.

८डी रिपोर्टात, म्हणजे चुकीचं मूळ कारण आणि उपाय पार्टीला कळवायच्या अहवालात, ‘ऑपरेटरची चूक, समज दिली’ एवढंच लिहू नका. वाचणाऱ्याला लगेच कळतं की खोलात कुणी गेलं नाही. गेज कॅलिब्रेशनची तारीख उलटूनही मशिनवर का राहिलं, आणि बोअर उतरत चाललेलं कुणाला का दिसलं नाही, ही दोन उत्तरं वेगवेगळी द्या. गेज फक्त पास-नापास सांगतं. दर २५ नगांमागे एका नगाचं बोअर डायल गेजनं मोजून आकडा लिहा, आणि गो टोकाची तपासणी महिन्यांवर नको, किती नग झाले त्यावर ठरवा.