भाड्याच्या फ्लॅटमध्ये, भिंतीला भोक न पाडता, मोबाइलवर चालणारा एलईडी मूड लाइट घरी कसा बनवावा?

तुम्ही लिहिलंय की कोडिंग येत नाही म्हणून अडलंय. ती काळजी सोडा. ईएसपी३२ बोर्ड (वाय-फाय असलेला छोटा कंट्रोलर) घ्या आणि त्यावर डब्ल्यूएलईडी हे मोफत फर्मवेअर, म्हणजे बोर्ड चालवणारं तयार सॉफ्टवेअर, टाका. यूएसबी केबल जोडली की ते क्रोम ब्राउझरमधूनच चढतं. रंग, इफेक्ट, सूर्यास्ताला आपोआप लागणं, सगळं त्यात तयार असतं.

डोकं लावायचं ते एलईडीच्या पट्टीवर आणि पॉवरवर. सगळे सुचवतात ती डब्ल्यूएस२८१२बी पट्टी लाल-हिरवा-निळा मिसळून पांढरा करते. तो पांढरा निळसर दिसतो, त्यात माणसं आजारी वाटतात. थोडे जास्त पैसे घालून एसके६८१२ आरजीबीडब्ल्यू घ्या, म्हणजे तीन रंगांशिवाय वेगळा पांढरा असलेली, आणि तीही वॉर्म व्हाइटवाली (पिवळसर पांढरा). रोज संध्याकाळी तोच रंग वापराल; इंद्रधनुष्य पाहुण्यांपुरतं.

आता हिशेब. साध्या पट्टीचा एक एलईडी पूर्ण पांढऱ्यावर सुमारे ६० मिलिअँपिअर खातो. मीटरला ६० एलईडी धरले तर दोन मीटरला ७.२ अँपिअर, आणि आरजीबीडब्ल्यूत चौथी चिप असते म्हणून आणखी थोडे. मोबाइलचा चार्जर इथे कामाचा नाही. ५ व्होल्ट, १० अँपिअरचा बंद अडॅप्टर घ्या. उघड्या स्क्रूंचा एसएमपीएस (पत्र्याच्या पेटीतला पॉवर सप्लाय) स्वस्त पडतो, पण त्यावर २३० व्होल्ट हाताशी असतात; घरात लहान मूल असेल तर विचारही नको. डब्ल्यूएलईडीत करंटची मर्यादा घालता येते, ती पहिल्याच दिवशी घाला. शेवटचे एलईडी लालसर दिसू लागले तर पट्टीला दुसऱ्या टोकानेही पॉवर द्या.

बोर्ड आणि पट्टीचा ग्राउंड (ऋण वायर) एकच हवा. बोर्डाचा सिग्नल ३.३ व्होल्टचा, तर ५ व्होल्टवरच्या डब्ल्यूएस२८१२बीला कागदोपत्री ३.५ लागतात. बोर्डाकडून पट्टीला सिग्नल नेणारी डेटाची वायर वीतभर असेल तर बहुतेक वेळा चालून जातं. लुकलुकायला लागलं तर मध्ये सिग्नल ५ व्होल्टपर्यंत चढवणारा ७४एएचसीटी१२५ आयसी टाका.

पट्टी भिंतीला मुळीच चिकटवू नका. सोडताना रंगाचे पोपडे निघतात आणि मालक डिपॉझिटमधून कापतो. दुधी झाकणाच्या अॅल्युमिनियम चॅनलमध्ये बसवून कपाटाच्या माथ्यावर, भिंतीकडे तोंड करून नुसती ठेवा. उजेड भिंतीवरून परतून येतो, एलईडीचे ठिपके दिसत नाहीत. पुण्यात असाल तर चॅनल तपकीर गल्लीत बघा; दुकानदाराला ‘प्रोफाइल’ म्हणालात तरी कळतं.